झाकली मूठ



आपल्याकडे लग्नाची बोलणी सुरू झाली की दोन्हीकडची माणसं कूळ, गोत्र, देवक, मूळ गाव, मामाचं घराणं असं सगळं घडाघडा सांगतात. पाच-सहा पिढ्यांची नावं तोंडपाठ असणारे काका अजूनही प्रत्येक घरात एखादे तरी असतात. पण त्याच काकांना विचारा, "आजोबा कशाने गेले हो?" उत्तर येईल, "म्हातारपणाने." आणि आजी? "ती पडली, तेवढं निमित्त झालं." पणजीबद्दल तर "त्या काळी कुठे कळायचं काही!" एवढ्यावर विषय संपतो. म्हणजे घराण्याचं नाव आपण जपलं, कुलदैवत जपलं, लोणच्याची कृती जपली, पण जी गोष्ट खरोखर रक्तातून खाली येते तिची नोंद कुणीच ठेवली नाही. उलट ती झाकण्यात आपण पटाईत झालो. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आज याच झाकल्या मुठीबद्दल लिहायचं आहे. विषय दुखण्याचा आहे, थोडा शास्त्राचाही आहे. मी बीए मराठीची बाई, तीस-पस्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेला, तेव्हा डॉक्टरकीचा आव मी आणणार नाही. पण गेलं वर्षभर या एका दुखण्याबद्दल जे जे मिळेल ते वाचलं, भाचरांकडून इंग्रजी समजावून घेतलं, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यातून जे पक्कं कळलं तेवढंच सांगते, आणि त्यावरचं माझं मत सांगते.

निमित्त माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं. त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे. वय ७९. आयुष्यभर मोत्यासारखं अक्षर. तीनेक वर्षांपूर्वी ते बिघडायला लागलं. मग सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागू लागला. चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि त्याला पत्ताच नसायचा. अंधारात, विशेषतः रात्री न्हाणीघरात जाताना, भिंत धरून चालायचा. पाय ताठ, लाकडासारखे. डॉक्टरांकडे गेला तेव्हा मधुमेहाकडे बोट दाखवलं गेलं, वयाकडेही दाखवलं गेलं. दोन वर्षं त्यातच गेली. शेवटी एका तरुण डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, आणि कपाळाला आठी घालून म्हणाला, "आजोबा, दुखणं हातापायात नाही, मानेत आहे." एमआरआय झाला, सीटी स्कॅन झाला. नाव कळलं, ओपीएलएल.

आता हे ओपीएलएल म्हणजे काय, ते वर्गात सांगते तसं सांगते. आपल्या पाठीचे मणके एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या मागून एक पोकळ बोगदा जातो. त्या बोगद्यातून मज्जारज्जू जातो, मेंदूपासून खाली उतरणारी मुख्य तारच म्हणा ना. मणके जागेवर राहावेत म्हणून त्यांना पुढून-मागून लांबच लांब पट्ट्यांनी बांधलेलं असतं. त्यांना अस्थिबंध म्हणतात, इंग्रजीत लिगामेंट. मणक्यांच्या पाठीमागून, म्हणजे बोगद्याच्या आतल्या बाजूने, जो उभा पट्टा जातो, त्याचं काही माणसांत हळूहळू हाड होतं. मऊ, लवचिक पट्टा होता, तो टणक होतो, जाड होतो. बोगदा तेवढाच, त्यात हे नवं हाड, म्हणजे चेपला जाणार कोण? मज्जारज्जू. हे बहुधा मानेत होतं, चाळिशीनंतर दिसू लागतं, आणि पुरुषांत बायकांच्या साधारण दुप्पट असतं. दुखतंच असं नाही, आणि म्हणून तर ते लपून राहतं.

दादाचं ऑपरेशन झालं. मणक्याच्या मागच्या कमानीला एका बाजूने काप देऊन ती दारासारखी उघडायची आणि मज्जारज्जूला मागे जागा करून द्यायची, अशी ही पद्धत. १९७०च्या दशकात हिराबायाशी नावाच्या जपानी शल्यविशारदांनी ती काढली. नावच 'उघडं दार'. आता दादा काठी घेऊन फिरतो, बटणं लावतो, सहीसुद्धा बरी येते. पण अक्षर काही पूर्वीसारखं झालं नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की दबलेली तार मोकळी करता येते, पण फार दिवस दबून राहिलेली असेल तर सगळं परत मिळेलच असं नाही. दोन वर्षांची किंमत ही अशी.

ऑपरेशनच्या आधी त्या डॉक्टरने आणखी एक प्रश्न विचारला होता, "घरात आणखी कुणाला असं काही होतं का?" आम्ही पाच भावंडं. त्या खोलीत तिघं हजर होतो. एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

डॉक्टरने तो प्रश्न उगाच विचारला नव्हता. इथे मला जपानची गोष्ट सांगावीच लागेल, कारण या दुखण्याचा इतिहास मुख्यतः तिथेच लिहिला गेला. १८३८ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने असं काहीसं वर्णन केलं होतं, पण ते विसरलं गेलं. १९६० साली जपानमध्ये त्सुकिमोतो यांनी एका मृत रुग्णाच्या शवविच्छेदनात हे हाड पाहिलं आणि प्रसिद्ध केलं. मग जपानी डॉक्टर शोधतच सुटले आणि त्यांना ते जागोजागी सापडू लागलं. पाश्चात्त्य डॉक्टर त्याला 'जपानी रोग' म्हणू लागले. जपान सरकारने १९७५ साली यासाठी खास संशोधन समिती नेमली. आज तिथे हा रोग सरकारी 'दुर्धर रोगां'च्या यादीत आहे आणि ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या रुग्णाला उपचारांच्या खर्चासाठी मदत मिळते. एका देशाने एका दुखण्याला नाव दिलं, ते मोजलं, त्याची लाज बाळगली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि मोजायला लागल्यावर काय कळलं? साध्या एक्स-रेवर जपानमधल्या प्रौढांत ते साधारण २ ते ४ टक्के लोकांत दिसायचं. पुढे १५०० जपानी माणसांचे मानेचे सीटी स्कॅन तपासले, तेव्हा ते प्रमाण ६.३ टक्के निघालं (२०१६ साली हे प्रसिद्ध झालं). म्हणजे बारकाईने बघितलं की जास्त दिसतं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रुग्णालयात अपघातानंतर काढलेले तीन हजारांहून जास्त लोकांचे स्कॅन पाहिले, तर गोऱ्या लोकांत १.३ टक्के आणि आशियाई वंशाच्या लोकांत ४.८ टक्के. तेव्हा 'जपानी रोग' हे नाव काही खरं नाही. भारतातही त्याचे रुग्ण आहेत, त्यावर इथले डॉक्टर लिहितात. माझा दादा तर जन्मात कधी जपानला गेला नाही!

आता मुख्य मुद्दा, घराण्याचा. जपानी डॉक्टरांनी एक मोठी पाहणी केली, ती १९८९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना हे दुखणं आहे अशांची ३४७ कुटुंबं घेतली आणि त्यांच्या जवळच्या नात्यातल्या १०३० माणसांचे एक्स-रे पाहिले. सुमारे २३ टक्के नातेवाइकांत तेच हाड दिसलं. सर्वसाधारण लोकांत २ ते ४, आणि रुग्णाच्या रक्ताच्या नात्यात २३. गणितात कच्ची असले तरी एवढा फरक मलाही कळतो. पाच भावंडांत एकाला असेल तर बाकीच्या चौघांनी कान टवकारायला हवेत, एवढाच याचा अर्थ.

मग जपान्यांनी जनुकं शोधायला घेतली. त्यात एका उंदराची गोष्ट आहे, ती मला फार आवडली. प्रयोगशाळेत उंदरांची एक जात होती, ती पायांच्या बोटांवर, टाचा उचलून चालायची. त्यांच्या मणक्यांचे बंध हाडासारखे टणक होत असत. १९९८ साली कळलं, की त्यांच्यात एक जनुक मोडलेलं आहे. ते जनुक शरीरात पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ तयार करायला मदत करतं, आणि तो पदार्थ एखाद्या राखणदारासारखा नको तिथे चुना साचू देत नाही. राखणदार गेला, चुना साचला. सगळ्यांना वाटलं, सापडलं कारण!

पण माणूस उंदराएवढा सोपा नाही. माणसांत त्या जनुकाचा पुरावा कधी मिळाला, कधी मिळाला नाही. त्याच सुमारास भावंडांच्या जोड्या तपासताना सहाव्या गुणसूत्रावरचं कोलॅजेन ११ चं एक जनुक पुढे आलं, २००३ साली एकविसाव्या गुणसूत्रावरचं कोलॅजेन ६ चं. कोलॅजेन म्हणजे ज्या धाग्याने हे बंध विणलेले असतात तो धागा. मग २०१४ साली १६०० हून अधिक रुग्णांची जनुकं निरोगी माणसांच्या जनुकांशी ताडून पाहिली आणि एकदम सहा जागा सापडल्या. त्यातल्या एका जागेजवळचं जनुक बंधातल्या पेशींना हाडाच्या वाटेला जाण्यापासून रोखून धरतं, म्हणजे ब्रेकच म्हणा, असं २०१६ साली दाखवलं गेलं. २०२३ पर्यंत जागांची संख्या १४ वर गेली. या प्रत्येक जागेने धोका थोडाथोडाच वाढतो. कुठल्याही एका जागेकडे बोट दाखवून 'हाच तो चोर' असं म्हणता येत नाही.

आणि २०२३ च्या त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट निघाली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जनुकांच्याच आधाराने त्यांनी तपासलं की दुसऱ्या कुठल्या गोष्टी हा रोग घडवायला कारण होतात. उत्तर आलं, वाढलेलं वजन. विशेषतः पाठीच्या वरच्या, छातीमागच्या मणक्यांत हा रोग असेल तर वजनाचा हात फार स्पष्ट दिसला. म्हणजे बघा, नशिबाची पोथी उघडायला गेले आणि आत लिहिलं होतं, "जेवण जरा बेताने घ्या!"

इथे मला माझं पहिलं मत मांडायचं आहे. ही जनुकं म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. थॅलेसेमियाची गोष्ट वेगळी आहे. तिथे एकच जनुक, आणि आईवडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला तो आजार व्हायची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी ती तपासणी करावी, अगदी आग्रहाने करावी. ओपीएलएलचं तसं नाही. इथे अनेक जनुकांचा थोडाथोडा भार, त्यात वय, वजन, मधुमेह यांची भर, आणि एवढं सगळं जमून हाड तयार झालं तरी त्रास होईलच असंही नाही. जपानातल्या कागोशिमाच्या डॉक्टरांनी ४५० रुग्णांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली. सुरुवातीला ज्यांना मज्जारज्जू दबल्याची लक्षणं नव्हती, त्यांतले ७१ टक्के लोक तीस वर्षांनंतरही तसेच लक्षणांविना राहतात, असा त्यांचा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. तीस वर्षं! पत्रिकेतल्या साडेसातीपेक्षा हे बरंच दिलासादायक आहे.

माझा अमेरिकेतला भाचा प्रेमाने म्हणाला, "मावशी, थुंकी पाठवायची किट मिळते, सगळ्यांसाठी मागवतो. जनुकं कळतील." मी त्याला नको म्हणाले. कारण एक तर वर सांगितलं तेच, थोड्याथोड्या धोक्यांची बेरीज हातात येईल आणि तिचं करायचं काय ते कळणार नाही. दुसरं म्हणजे हे सगळे शोध जपानी माणसांच्या रक्तावरून लागले आहेत. एका समाजावरून काढलेला हिशेब दुसऱ्या समाजाला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे जनुकशास्त्रवाले स्वतःच सांगतात. त्यापेक्षा भाच्याने तेवढ्याच पैशात भारतात येऊन आम्हाला भेटून जावं. आणि आल्यावर आपल्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, चार पावलं चालायला लावून नीट बघावं. त्यातून जास्त कळेल.

माझं दुसरं मत, आणि खरं तर याचसाठी एवढा प्रपंच. आपल्या माणसांना सांगा.

दादाच्या ऑपरेशननंतर घरात ठरलं होतं की बाहेर फक्त "मानेतली गादी सरकली होती" एवढंच सांगायचं. असं ठरवणाऱ्या होत्या वहिनी. त्यांनी हा लेख आधी वाचला आहे आणि म्हणाल्या, "लिही, पण माझी बाजूही लिही." तर ती लिहिते. दादाची नात सव्वीस वर्षांची, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. वहिनींचं म्हणणं, "लोक अर्धवट ऐकतात. 'घराण्यात मणक्याचा रोग आहे, पुढे पांगळेपण येतं' एवढंच त्यांच्या डोक्यात राहील. तुझी टक्केवारी कोण ऐकून घेणार? पोरीचं नुकसान झालं तर तू येणार आहेस का भरून द्यायला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वहिनींनी त्यांच्या माहेरी हे पाहिलं आहे. एका आत्याच्या अंगावरच्या पांढऱ्या डागांमुळे दोन बहिणींची लग्नं खोळंबली होती. ज्या समाजात कोडासारख्या निरुपद्रवी गोष्टीवरून मुली नाकारल्या जातात, तिथे आईने किंवा आजीने मूठ झाकली तर मी तिला दोष देणार नाही. दोष त्या बघायला येणाऱ्यांच्या नजरेचा आहे.

पण वहिनी, झाकल्या मुठीचा भुर्दंड कोण भरतं, तेही बघायला हवं. बघायला येणारे परके लोक काही तो भरत नाहीत. तो भरतात सख्खी भावंडं. दादाच्या खालोखाल ताई आहे, मी आहे, दोन धाकटे भाऊ आहेत. धाकट्याला मधुमेह, वजनही बेताचं नाही. त्याला जर "दादाची गादी सरकली होती" एवढंच ठाऊक असेल, तर उद्या त्याच्या हातातून कप निसटला की तोही दोन वर्षं मधुमेहाच्या गोळ्या बदलत बसेल. नातीच्या लग्नात याने अडचण येईल की नाही हे नुसतं तर्काचं आहे, पण धाकट्याची दोन वर्षं वाया जाणं हे आपण दादाच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि सव्वीस वर्षांच्या मुलीला, आजोबांना म्हातारपणी झालेल्या, तीनचतुर्थांशांहून जास्त जवळच्या नातेवाइकांत न दिसणाऱ्या या हाडावरून जे घर नाकारेल, त्या घरी तिने न गेलेलंच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मी नातीलाही सांगितलं. ती हसून म्हणाली, "आजी, मी त्याला पहिल्या भेटीतच सांगणार, आणि त्याच्या आजोबांचंही विचारणार!" नवी पिढी आपल्यापेक्षा शहाणी आहे, हे कबूल करावं लागतं.

आणखी एक आक्षेप माझ्या ताईचा. ती म्हणते, "कळलं की भीती लागते. न कळता सुखाने झोपते आहे ती झोपू दे." यातही तथ्य आहे. म्हणून तर मी कुणालाही उठून एमआरआय करून घ्या म्हणत नाही. काही त्रास नसताना नुसतं हाड आहे का ते शोधत बसण्यात अर्थ नाही. त्याने फक्त झोप उडेल. पण काय झालं तर दुर्लक्ष करायचं नाही, एवढं माहीत असायला भीती कशाला? गॅस गळतीचा वास कसा असतो ते आपण मुलांना शिकवतोच ना, म्हणून काही मुलं स्वयंपाकघरात जायला घाबरत नाहीत.

तर तो 'वास' कसा असतो ते सांगते. जपानी डॉक्टरांनी मज्जारज्जू किती दबला आहे हे ठरवण्यासाठी एक १७ गुणांची पद्धत केली आहे (आम्हा मास्तरांना गुणपत्रिका म्हटली की लगेच जवळची वाटते!). त्यातला पहिलाच प्रश्न, चॉपस्टिक धरून जेवता येतं का? आपण त्याऐवजी विचारायचं, भात कालवून घास नीट उचलता येतो का? बटणं, साडीची पिन, सुईत दोरा, मंगळसूत्राचा फासा, कुलपात किल्ली, यात हात अडखळायला लागले आहेत का? चालताना पाय ताठरतात का, जिना उतरताना कठडा लागतो का, चप्पल नकळत निसटते का? लघवीला गेल्यावर धार सुरू व्हायला वेळ लागू लागला आहे का? यातलं काही नव्याने आणि हळूहळू वाढत असेल, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना सरळ सांगावं, "माझ्या भावाला ओपीएलएल आहे." या एका वाक्याने त्यांचं लक्ष हातावरून मानेकडे जाईल.

एक साधी परीक्षा डॉक्टर करतात. तळहात खाली करून दहा सेकंदांत जितक्या भरभर जमेल तितक्या वेळा मूठ पूर्ण मिटायची आणि पूर्ण उघडायची. साधारणपणे वीस किंवा जास्त वेळा जमतं. मज्जारज्जू दबला असेल तर बोटं रेंगाळतात. वयाने आणि बोटांच्या संधिवातानेही आकडा कमी येतो, म्हणून यावरून घरच्या घरी निदान करू नका. पण वर्षभरापूर्वी बावीस व्हायच्या आणि आता बारा होतात, असं झालं तर दाखवायला जा.

आणि ज्यांच्या मानेत हे हाड असल्याचं कळलं आहे त्यांनी दोन गोष्टी अगदी टाळायच्या, असं दादाच्या डॉक्टरांनी बजावलं. एक, पडणं. बोगदा आधीच अरुंद असेल तर साध्या पडण्यानेही मज्जारज्जूला मोठी इजा होऊ शकते. न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री दिवा, पायपुसणं घसरणारं नको. आणि दुसरी, मान मोडून घेणं. केशकर्तनालयात दाढी झाल्यावर मान दोन्हीकडे कडाकडा मोडून देतात ना, दादाला ते फार आवडायचं. ते कायमचं बंद. मालिशवाल्याकडूनही मानेला झटका नको.

आमचे वडील, नाना, शेवटची पाच-सहा वर्षं पाय ताठ करून, जमीन घासत चालायचे. हातातला चहा हिंदकळायचा म्हणून आई कप अर्धाच भरायची. तेव्हा ना एमआरआय होता ना विचारणारं कुणी. नानांना काय होतं हे आता कधीच कळणार नाही. पण निदान ते कसे चालायचे, कप अर्धा का भरला जायचा, हे कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं, तर त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं गप्प बसलो नसतो.

म्हणून मी एक दोनशे पानी वही आणली आहे. आपल्या घराण्यातल्या प्रत्येकाला एक पान. नाव, जन्मसाल, कुठली दुखणी, कितव्या वर्षी, काय लक्षणं, आणि गेले असतील तर कशाने. पहिलं पान नानांचं, दुसरं आईचं, तिसरं दादाचं, तिसऱ्यावर त्याने स्वतःच्या हाताने सही केली आहे. माझं पान भरून झालं (रक्तदाब, गुडघे, मोतीबिंदू, मुठी दहा सेकंदांत एकवीस). ताईने फोनवर सांगितलं ते मी लिहून घेतलं. धाकट्या दोघांची पानं अजून कोरी आहेत. हे वाचत असाल तर या रविवारी फोन करा रे, मी पेन घेऊन बसते. वहिनींनी त्यांचं पान भरायला घेतलं आहे, आणि आत्यांच्या पांढऱ्या डागांचा उल्लेख करावा की नाही याचा विचार चालू आहे. करतील असं वाटतं.

जे नात्यातले नाहीत, नुसते वाचक-मित्र आहेत, त्यांनी आपापल्या घरची वही सुरू करावी. आणि तुमच्याकडे अशी नोंद आधीपासून कुणी ठेवत असेल तर कशी ठेवतात ते मला जरूर कळवा.

कळावे, लोभ असावा.